हिरवा चहा, सांध्यातली कूर्चा आणि कॅप्सूलची न उघडलेली डबी

पहाटवेडी (सोम, रात्री ९.१०)

मंडळी, मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस (सांधे सुजवणारा संधिवात) होऊन सहा वर्षं झाली. (आयडी पहाटवेडी आणि पहाटेच बोटं मिटत नाहीत, हा विनोद माझा मीच करून घेतलाय, कृपया पुन्हा नको.) आजार आटोक्यात ठेवायला आठवड्यातून एकदा मिथोट्रेक्सेट, जोडीला फॉलिक ॲसिड, ठरावीक दिवसांनी लिव्हरची तपासणी. बरं चाललंय.

पंधरा दिवसांपूर्वी एका नातेवाइकांनी हिरव्या चहाच्या अर्काच्या कॅप्सूलची डबी हातात ठेवली. सोबत मोबाइलवर आलेला निरोप: 'हिरव्या चहातलं ईजीसीजी सांध्यातली कूर्चा झिजू देत नाही, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय.' डबी अजून सीलबंद आहे. मला त्या 'सिद्ध केलंय'ने छळलं. कुठे केलं, कोणावर केलं आणि किती मात्रेत? मग रोज रात्री थोडं थोडं वाचत बसले. जे हाती लागलं ते इथे मांडते, चुकलं तर दुरुस्त करा.

आधी कूर्चेबद्दल, कारण ती काय चीज आहे हे मलाही सहा वर्षांत कुणी नीट सांगितलं नव्हतं. हाडाच्या टोकावरचं ते गुळगुळीत, पांढुरकं आवरण. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतू नाहीत. बराचसा भाग पाणी. त्या पाण्याला धरून ठेवतं ॲग्रिकन नावाचं एक भलंमोठं, ब्रशसारखं रेणू-झुडूप, आणि या सगळ्याला आकार देते टाइप-२ कोलॅजनची जाळी. पेशी अगदी तुरळक, एकूण आकारमानाच्या काही टक्केच, आणि त्यांचं पोषण होतं ते सांध्यातल्या वंगणातून झिरपून. ॲग्रिकन गेलं तर ते पुन्हा बनू शकतं. कोलॅजनची जाळी एकदा तुटली की मात्र जवळपास कायमची तुटली. प्रौढ माणसाच्या कूर्चेतल्या कोलॅजनचं अर्धायुष्य (निम्मं बदलून जायला लागणारा काळ) शंभर वर्षांहून जास्त निघालंय. म्हणजे शरीर ते सहसा नव्याने विणतच नाही.

आमच्या आजारात सांध्याचं अस्तर सुजतं, जाड होतं आणि कूर्चेवर चढत जातं. तिथल्या पेशी टीएनएफ, इंटरल्युकिन-१ असले निरोप धाडत राहतात. ते ऐकून कूर्चेतल्या पेशी स्वतःचीच जाळी कापणारी एन्झाइम्स सोडतात. ॲग्रिकन कापणारी वेगळी, कोलॅजन कापणारी वेगळी. घर राखायला ठेवलेल्या माणसानेच वासे उपसायला घ्यावेत, तसं.

आता चहा. १९९९ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातल्या गटाने उंदरांवरचा प्रयोग छापला. उंदरांना कोलॅजन टोचून संधिवात आणला. त्यातल्या काहींना पिण्याच्या पाण्यातून हिरव्या चहातली पॉलिफेनॉल्स दिली. असे तीन स्वतंत्र प्रयोग झाले. साधं पाणी पिणाऱ्या उंदरांपैकी ८४ ते १०० टक्क्यांना संधिवात झाला, चहाचं पाणी पिणाऱ्यांपैकी ३३ ते ५० टक्क्यांना. हे आकडे वाचून मी खरंच खुर्चीत सरळ बसले.

पुढे २००२ साली इंग्लंडमधल्या शेफील्डच्या गटाने गाईच्या आणि माणसाच्या कूर्चेचे तुकडे घेतले. त्यात निरोगी कूर्चा होती, ऑस्टिओआर्थ्रायटिसची (वयाने झिजलेली) होती आणि ऱ्हुमॅटॉइडचीही होती. ते तुकडे प्रयोगशाळेतल्या बशीत जगवून त्यांची झीज मुद्दाम वाढवली आणि चहातली कॅटेचिन्स (त्या पॉलिफेनॉल्समधलाच एक गट) घातली. झीज रोखली गेली. ज्या कॅटेचिनला गॅलेटची शेपटी आहे, ती सर्वांत प्रभावी. ईजीसीजी त्यातलंच. आणि पेशींवर विषारी परिणाम दिसला नाही.

तर नातेवाईक अगदीच हवेत बोलत नव्हते. तरी माझ्या मनात खुट्ट होतंय. उंदीर आणि बशी यांच्यापुढे काय? कुणाला ठाऊक आहे?

हिरवागार (सोम, रात्री ९.५५)

अतिशय माहितीपूर्ण धागा! मी चार वर्षं हिरवा चहा पितोय आणि गेले तीन महिने कॅप्सूलही घेतोय. माझे गुडघे पूर्वीपेक्षा कितीतरी मोकळे आहेत. निसर्गात उपाय असताना माणसं रसायनं का खातात तेच कळत नाही. ताई, डबी उघडा.

तिरकस (सोम, रात्री १०.०२)

ईजीसीजी म्हणजे एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट. हे रसायन नाही तर काय भजन आहे?

हिरवागार (सोम, रात्री १०.०६)

तिरकसराव, तुम्ही प्रत्येक धाग्यावर हेच करता.

रासायनिक_गोंधळ (सोम, रात्री ११.३०)

पहाटवेडीताई, छान लिहिलंय. मी पूर्वी पेशी वाढवण्याच्या प्रयोगशाळेत काम केलंय, म्हणून बशीबद्दल चार गोष्टी सांगतो. जरा लांबेल.

पहिली गोष्ट यंत्रणेची, कारण ती खरोखर देखणी आहे. इंटरल्युकिन-१ कूर्चेच्या पेशीच्या दारावर टकटक करतं. तो निरोप आत जातो आणि एनएफ-कप्पा-बी नावाचं एक प्रथिन पेशीच्या केंद्रकात शिरतं. तिथे ते सुजेची आणि कापाकापीची जनुकं जागी करतं. एमएमपी-१ आणि एमएमपी-१३ ही कोलॅजन कापणारी एन्झाइम्स, कॉक्स-२, नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम, सगळी तिथून सुटतात. माणसाच्या कूर्चेच्या पेशींत ईजीसीजी घातलं की या साखळीत बऱ्याच ठिकाणी खीळ बसते, असं त्याच क्लीव्हलँडच्या मंडळींनी २००२ पासून पुढे दाखवत नेलं. सांध्याच्या अस्तरातल्या पेशींवरही तसंच काम झालंय. २०१६ मध्ये तर टीएके-१ या साखळीतल्या वरच्या कडीवरच ईजीसीजी बसतं, असं दाखवणारा प्रयोग आला.

आता गोंधळ (माझा आयडी उगाच नाही). बशीत हे परिणाम दिसतात तेव्हा ईजीसीजीचं प्रमाण बहुतेक वेळा १० ते १०० मायक्रोमोलरच्या घरात असतं (मायक्रोमोलर म्हणजे द्रवात रेणू किती दाट आहेत ते मोजायचं एकक). एक-दोन कप चहा प्यायल्यावर माणसाच्या रक्तात ते १ मायक्रोमोलरपर्यंतही पोचत नाही. आतडं त्यातलं थोडंच शोषतं. उरलेलं मोठ्या आतड्यातले जिवाणू फोडून टाकतात. जे रक्तात येतं त्याला यकृत मिथाइलचे वगैरे टिळे लावून बाहेर काढायच्या तयारीत असतं. काही तासांत निम्मं गायब. आणि तुम्ही म्हणालात तसं कूर्चेत रक्तवाहिन्याच नाहीत, म्हणजे रक्तातून वंगणात, वंगणातून झिरपत आत, एवढा प्रवास अजून बाकीच.

दुसरी गोष्ट पेशीवाले सोडून फारसं कुणी बोलत नाही. ईजीसीजी बशीतल्या द्रवात टिकत नाही. हवेतल्या ऑक्सिजनने ते आपोआप ऑक्सिडाइज होतं आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. म्हणजे तुम्हाला वाटतं पेशींवर चहाचा परिणाम दिसला, आणि प्रत्यक्षात पेशी पेरॉक्साइडला घाबरलेल्या असतात. शिवाय हा रेणू चिकट आहे. भेटेल त्या प्रथिनाला चिकटतो. चहा प्यायल्यावर तोंड कोरडं, तुरट होतं ते याचमुळे, लाळेतली प्रथिनं तो बांधून टाकतो. असा रेणू प्रयोगशाळेत कुठल्याही एन्झाइमसमोर ठेवा, तो ते 'रोखतो'. औषध शोधणारे रसायनतज्ज्ञ अशा रेणूंकडे जरा संशयानेच बघतात.

याचा अर्थ सगळे प्रयोग फोल असा नाही. काळजीपूर्वक काम करणारे पेरॉक्साइड मोडणारं कॅटलेज घालून पडताळतात. पण 'सिद्ध' हा शब्द मी वापरणार नाही.

पहाटवेडी (मंगळ, सकाळी ७.१५)

बोटं आखडलीत, हळू टंकतेय.

गोंधळराव, हे प्रमाणाचं गणित मला कुणी सांगितलं नव्हतं. पण एक शंका. शेफील्डच्याच गटाने २००३ मध्ये आणखी एक शोधनिबंध छापला, तो मी काल झोपायच्या आधी वाचला. ॲग्रिकन कापणारी जी एन्झाइम्स आहेत (ॲडॅमटीएस-४ आणि ५), ती गॅलेटवाल्या कॅटेचिन्सनी १ मायक्रोमोलरच्याही खाली रोखली गेली. कोलॅजन कापणाऱ्या एन्झाइम्ससाठी जास्त लागलं. मग निदान ॲग्रिकनच्या बाबतीत कपातला चहा पुरण्याची शक्यता उरते ना?

रासायनिक_गोंधळ (मंगळ, सकाळी ८.४०)

बरोबर पकडलंत. हो, तेवढी फट उरते, आणि मला वाटतं या सगळ्या विषयात रस घ्यावा अशी तीच जागा आहे. दोन अडचणी मात्र आहेत. ते प्रमाण शुद्ध केलेल्या एन्झाइमसमोर मोजलेलं आहे. शरीरात ईजीसीजी अल्ब्युमिनला आणि इतर प्रथिनांना चिकटून बसतं, मोकळं फारच थोडं उरतं. आणि रक्तातला तो उंचवटा तास-दोन तासांचा, एन्झाइमचं काम मात्र चोवीस तास चालू. ॲग्रिकन वाचलं तरी कोलॅजनची जाळी तुटत राहिली तर ते ॲग्रिकन बसणार कशावर?

सुमीआत्या (मंगळ, सकाळी १०.२०)

मला हा आजार होऊन बावीस वर्षं झाली. तुमचं मायक्रोमोलर माझ्या डोक्यावरून गेलं, पण एक सांगते.

सुरुवातीची दोन वर्षं मी औषध घेतलं नाही. त्या वेळी मला भेटलेल्या एका वैद्यांनी 'या गोळ्या कॅन्सरच्या आहेत, हात लावू नका' म्हणून भीती घातली होती. मी काढे, अर्क, पथ्यं, उपास सगळं केलं. बरंही वाटायचं मधूनमधून. हा आजार चढतो आणि उतरतो, उतरला की जे चालू असेल त्याला श्रेय जातं. दोन वर्षांनी एक्स-रे काढला तेव्हा उजव्या मनगटाची हाडं एकमेकांना टेकली होती. ती कूर्चा परत आली नाही. आज मी डाव्या हाताने टंकतेय.

चहा प्या गं, खुशाल प्या. मीही पिते. पण त्याला औषधाच्या जागेवर बसवू नका. पहिले महिनेच महत्त्वाचे असतात आणि ते मी घालवले.

तिरकस (मंगळ, सकाळी १०.४५)

आत्या, नमस्कार. इथे थट्टा नाही.

पहाटवेडी (मंगळ, सकाळी ११.०५)

आत्या 🙏 'उतरला की जे चालू असेल त्याला श्रेय' हे वाक्य वहीत लिहून ठेवलं.

हिरवागार (मंगळ, दुपारी १.३०)

आत्या, तुमच्याबद्दल वाईट वाटलं. पण उंदरांचं सोडा, माणसांवरही अभ्यास आहेत. चहा पिणाऱ्या बायकांना हा आजार कमी होतो असं मी वाचलंय. तीन कपांपेक्षा जास्त पिणाऱ्यांत निम्म्याहून कमी!

औषधवाला (मंगळ, दुपारी ३.१०)

तो अभ्यास मला माहीत आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या ५५ ते ६९ वयाच्या ३१ हजारांवर स्त्रियांचा, २००२ साली छापलेला. दिवसाला तीन कपांहून जास्त चहा पिणाऱ्यांत धोका ०.३९ पट आला, हे खरं. पण विश्वासाची मर्यादा (खरा आकडा ज्या पट्ट्यात असू शकतो ती) ०.१६ ते ०.९७ अशी पसरलेली होती, आणि १ म्हणजे काहीच फरक नाही, म्हणजे काठावर जेमतेम उभी. एवढ्या बायकांत आजार झालेल्या होत्या १५८, त्यातल्या भरपूर चहा पिणाऱ्या मोजक्याच.

पुढच्याच वर्षी नर्सेसच्या मोठ्या अभ्यासातून उत्तर आलं: चहाचा आणि या आजाराचा संबंध दिसत नाही. आणि २०१९ मध्ये रजोनिवृत्तीनंतरच्या अमेरिकी स्त्रियांच्या आणखी एका मोठ्या अभ्यासात कॅफीनवाला चहा पिणाऱ्यांत धोका उलट १.४ पट दिसला. त्याचाही खालचा काठ १.०१.

आता मी त्या शेवटच्या अभ्यासावरून 'चहा सोडा' म्हटलं तर चालेल का? नाही ना? मग पहिल्यावरून 'चहा घ्या'ही म्हणता येत नाही. शिवाय हे तिन्ही अभ्यास आजार होण्याबद्दलचे आहेत. झालेल्या आजारात कूर्चा वाचते का, हा प्रश्नच तिथे विचारलेला नाही. आणि अमेरिकेत चहा म्हणजे मुख्यतः काळा चहा. त्यात ईजीसीजी फारसं शिल्लक नसतं.

वाचनमात्र (मंगळ, दुपारी ४.००)

पहिल्यांदाच लिहितोय. काळ्या चहात का नसतं? पान तर एकाच झाडाचं ना?

रासायनिक_गोंधळ (मंगळ, संध्या. ६.१५)

स्वागत! हो, झाड एकच. पान खुडल्यावर चुरडलं की पेशी फुटतात आणि आतलं पॉलिफेनॉल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम कॅटेचिन्सपर्यंत पोचतं. चिरलेलं सफरचंद काळं पडतं, तीच भानगड. कॅटेचिन्स एकमेकांना जोडली जाऊन थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन बनतात. काळ्या चहाचा लालसर रंग आणि कडकपणा त्यांचा. हिरव्या चहात पान लगेच वाफवतात किंवा कढईत तापवतात, एन्झाइम मरतं, कॅटेचिन्स शाबूत राहतात. व्यापारात काळ्या चहाच्या या पायरीला 'फर्मेंटेशन' म्हणतात, पण तिथे आंबवणारा कुणी जंतू नसतो, निव्वळ ऑक्सिडेशन.

थिआफ्लेविन निरुपयोगी आहेत असं नाही, सुजेवर त्यांचेही बशीतले प्रयोग आहेत. फक्त आतड्यातून ती आणखीच कमी शोषली जातात.

दुधाचं विचाराल त्याआधीच सांगतो: दुधातलं केसीन कॅटेचिन्सना चिकटतं हे खरं. त्यामुळे रक्तातलं प्रमाण घटतं का यावर अभ्यासांचं एकमत नाही. कूर्चेच्या बाबतीत मी त्यावर डोकं शिणवणार नाही, मूळ आकडाच इतका लहान आहे.

औषधवाला (मंगळ, रात्री ९.००)

आता मूळ मुद्दा. पहाटवेडीताई, तुम्ही डबी उघडली नाहीत ते फार बरं केलंत. मी औषधांच्या दुकानामागे आयुष्य काढलंय, म्हणून हे जरा कळकळीने लिहितोय.

हिरव्या चहाच्या एका कपात साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम ईजीसीजी असतं. ते सावकाश, भरपूर पाण्यासोबत पोटात जातं. कॅप्सूलमध्ये तेच ३००-४०० मिलिग्रॅम एकदम असू शकतं, आणि लोक दोन-दोन घेतात, त्याही उपाशीपोटी. उपाशीपोटी घेतलं की रक्तातलं प्रमाण साडेतीन पटींहून जास्त चढतं असं मोजलेलं आहे. गोंधळरावांचं गणित वाचून कुणाला वाटेल, मग कॅप्सूलनेच ते मायक्रोमोलर गाठू. तिथेच गोम आहे. ते सगळं आधी यकृतातून जातं.

अमेरिकेत मिनेसोटात स्तनांच्या कर्करोगाच्या संदर्भात एक मोठी चाचणी झाली. सुमारे हजार स्त्रिया, त्यातल्या निम्म्यांना वर्षभर रोज ८४३ मिलिग्रॅम ईजीसीजी. अर्क घेणाऱ्या ५३८ जणींपैकी ३६ जणींचं रक्तातलं यकृताचं एन्झाइम एएलटी वाढलं (यकृताला इजा होत असल्याची ती खूण), म्हणजे ६.७ टक्के. खोट्या गोळ्या घेणाऱ्या ५३७ जणींपैकी फक्त चार जणींचं. २०१८ साली युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सांगितलं की पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी घेतलं की यकृताची एन्झाइम्स वाढण्याचा संबंध दिसतो. २०२२ मध्ये युरोपीय संघाने दिवसाच्या मात्रेला ८०० मिलिग्रॅमच्या आतलं बंधन घातलं आणि उपाशीपोटी घेऊ नये अशी सूचना लेबलवर सक्तीची केली.

आणि त्या चाचणीतल्या बायका निरोगी होत्या. तुम्ही मिथोट्रेक्सेटवर आहात. त्या औषधाचाही यकृतावर भार असतो, म्हणून तर तुमची तपासणी होते. उद्या एएलटी वाढलं तर डॉक्टर कुणाला दोष देणार? मिथोट्रेक्सेटलाच. मात्रा घटवणार किंवा थांबवणार. कूर्चा वाचवायला घेतलेल्या कॅप्सूलपायी कूर्चा खरोखर वाचवणारं औषध हातचं जायचं.

हिरवागार (मंगळ, रात्री ९.२०)

पण मी तीन महिने घेतोय, मला काही झालं नाही.

औषधवाला (मंगळ, रात्री ९.४५)

हिरवागार, झालं नसेलही. सगळ्यांना होत नाही. या अर्कामुळे यकृताला इजा झालेल्या लोकांचा अमेरिकेत अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्यात एचएलए-बी*३५:०१ नावाचा एक जनुकप्रकार फार मोठ्या प्रमाणात सापडला. सर्वसाधारण लोकांत तो बराच कमी असतो. म्हणजे प्रकृतीवर आहे, आणि आपली प्रकृती कुठली ते बाहेरून दिसत नाही. शेवटची लिव्हरची तपासणी कधी केलीत?

तिरकस (मंगळ, रात्री ९.५०)

(प्रश्नाच्या उत्तराच्या प्रतीक्षेत. चहा ठेवलाय.)

रासायनिक_गोंधळ (मंगळ, रात्री १०.३०)

मिथोट्रेक्सेटचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. मिथोट्रेक्सेट ज्या एन्झाइमला अडवतं (डायहायड्रोफोलेट रिडक्टेज), त्यालाच ईजीसीजीही अडवतं, असं स्पेनमधल्या एका गटाने २००५ मध्ये दाखवलं. अर्थात परीक्षानळीत. दोघांच्या रेणूंचा त्या भागातला आकार मिळताजुळता आहे म्हणे. चहाच्या कपाने फरक पडेल असं मला वाटत नाही, पण भरमसाट अर्क आणि मिथोट्रेक्सेट एकत्र घ्यावं असं वाटायला लावणारी ही बातमी नक्कीच नाही.

दुसरी गोष्ट कॅफीनची. या आजारात मिथोट्रेक्सेट जे काम करतं त्यात ॲडिनोसिन नावाच्या सूज उतरवणाऱ्या रेणूचा मोठा वाटा मानतात. आणि कॅफीन ॲडिनोसिनच्याच जागा अडवून बसतं. म्हणून प्रश्न आला की चहा-कॉफीने औषधाचा गुण कमी होतो का. २००३ मध्ये ३९ रुग्णांच्या छोट्या अभ्यासात तसं दिसलं, दिवसाला १८० मिलिग्रॅमच्या वर कॅफीन घेणाऱ्यांना कमी आराम पडला. २००६ मध्ये २६४ जणांत पाहिलं तर काहीच फरक नाही. मी दुसऱ्यावर जास्त भिस्त ठेवेन, पण ज्यांना दिवसभर कप रिचवायची सवय आहे त्यांनी डॉक्टरांच्या कानावर घालावं.

सुमीआत्या (बुध, सकाळी ९.३०)

मी दिवसाला सहा कप पिते आणि माझं मिथोट्रेक्सेट व्यवस्थित चालतं. आता कुणी कमी करायला सांगू नका.

पहाटवेडी (बुध, सकाळी ९.४०)

आत्या, कुणाची हिंमत आहे 😄

वाचनमात्र (बुध, दुपारी १२.१०)

माझ्या वडिलांना गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस आहे, म्हणजे वयाची झीज. त्यांना हे लागू होतं का?

रासायनिक_गोंधळ (बुध, दुपारी २.००)

आजार वेगळा, पण कूर्चा कापणारी एन्झाइम्स बरीचशी तीच. २०१४ मध्ये उंदरांच्या गुडघ्यातलं मेनिस्कस (दोन हाडांमधली गादी) शस्त्रक्रियेने सैल करून झीज घडवून आणली आणि ईजीसीजी दिलं. कूर्चेची झीज मंदावली, वेदनाही कमी दिसली. पण तिथेही तेच: उंदीर, आणि वजनाच्या हिशोबाने दिलेला शुद्ध रेणू. वडिलांना त्यांच्या गुडघ्यासाठी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि थोडं वजन उतरवणं याचा जो फायदा होईल, त्याच्या जवळपास चहा येणार नाही. तो पुरावा माणसांवरचा आहे.

पहाटवेडी (बुध, रात्री ८.५०)

आज तपासणीला गेले होते, तेव्हा डबी सोबत नेली. डॉक्टरबाईंनी मागचं लेबल वाचलं. ईजीसीजी किती आहे ते लिहिलेलंच नव्हतं, नुसतं 'अर्क ५०० मिलिग्रॅम'. अर्कात ईजीसीजी निम्मं असेल, जास्त असेल, कमी असेल, कोण सांगणार? त्या म्हणाल्या, 'मात्रा माहीत नसलेली गोष्ट मी तुम्हाला घ्या म्हणू शकत नाही आणि घेतलीत तर तुमचे रिपोर्ट मला वाचता येणार नाहीत.' चहा मात्र हवा तर प्या म्हणाल्या.

मी त्यांना विचारलं, मग माझी कूर्चा कोण वाचवतंय? त्यांनी दोन एक्स-रे शेजारी शेजारी लावले, सहा वर्षांपूर्वीचा आणि आत्ताचा. सांध्यातली फट तेवढीच आहे. एक्स-रेत कूर्चा दिसत नाही, फक्त दोन हाडांमधली मोकळी जागा दिसते, आणि ती मोकळी जागा म्हणजेच कूर्चा. मी सहा वर्षं त्या काळ्या पट्टीकडे 'काही नाही' म्हणून बघत होते.

सुमीआत्या (बुध, रात्री ९.०५)

जप ती पट्टी.

हिरवागार (बुध, रात्री ११.१५)

लिव्हरची तपासणी कधीच केली नव्हती. काल रात्री वाचून झाल्यावर आज सकाळी रक्त दिलं. रिपोर्ट उद्या. कॅप्सूल तोवर बंद ठेवल्यात. तिरकसरावांनी यावर काही लिहू नये ही विनंती.

तिरकस (बुध, रात्री ११.१७)

लिहीत नाही. रिपोर्ट नॉर्मल येवो.

पहाटवेडी (गुरु, सकाळी ७.३०)

हिरवागार, कळवा नक्की.

औषधवाले काका, एक राहिलं. रक्तातलं लोह कमी आलंय, डॉक्टरबाईंनी लोहाची गोळी दिलीय. सकाळच्या चहाचं काय करू?

औषधवाला (गुरु, सकाळी ९.००)

हे बरं विचारलंत, कारण चहाच्या पॉलिफेनॉल्सचा माणसात नीट मोजलेला परिणाम कुठला असेल तर तो हाच. ती लोहाला आतड्यातच बांधून टाकतात. जेवणासोबत काळा चहा घेतला तर वनस्पतीजन्य अन्नातल्या लोहाचं शोषण ७९ ते ९४ टक्क्यांनी घटलं होतं, १९९९ च्या एका अभ्यासात. तुमच्या आजारात सुजेमुळे हेप्सिडिन नावाचं संप्रेरक आधीच लोहाची वाट अडवून बसलेलं असतं, त्यात चहाची भर नको. २०१७ मध्ये जेवण आणि चहा यांत एक तास अंतर ठेवून पाहिलं तेव्हा अडथळा बराच कमी झाला. म्हणून गोळी आधी, चहा निदान तासाभराने. दोन तास ठेवलंत तर अजून चांगलं.

पहाटवेडी (गुरु, सकाळी ९.१२)

म्हणजे उठल्या उठल्या चहा गेला. बोटं आखडलेली असताना तो गरम कप हातात धरायलाच तर हवा असतो.

सुमीआत्या (गुरु, सकाळी ९.२०)

कपात नुसतं गरम पाणी घे. बोटांना काय कळतंय आत काय आहे ते.

हिरवागार (गुरु, संध्या. ७.४०)

एएलटी ९६. वरची मर्यादा ४० लिहिलीय. उद्या डॉक्टरांकडे जातोय, डबी घेऊन.